आकाशातील रचना आणि जमिनीवरील नोंद : ‘सूर्यकिरण’ पथकाच्या हौशी निरीक्षणाचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना :

पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण हे इंदापूर तालुक्यातील गाव उजनी जलाशयाच्या फुगवट्यामुळे पक्षिनिरीक्षकांच्या नकाशावर आले. भीमा नदीवरील उजनी धरणाचे काम १९८० मध्ये पूर्ण झाले. नदीकाठच्या शेतजमिनी पाण्याखाली गेल्या आणि काठाकाठाने उथळ पाण्याचे व दलदलीचे विस्तीर्ण पट्टे तयार झाले. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी या शिवारांत हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, शेकाट्या असे नानाविध पक्षी उतरतात. त्यांना पाहण्यासाठी पहाटेच काठावर येणारा निरीक्षक सोबत दुर्बीण आणतो, त्याचप्रमाणे एक वहीही आणतो. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्यांची संख्या, पाण्याची पातळी एवढेच त्या वहीत लिहिलेले असते. वरवर पाहता हा केवळ छंद होय. परंतु अशा असंख्य वह्या एकत्र आल्या म्हणजे त्यांतून पक्ष्यांच्या स्थलांतराचा इतिहास उभा राहतो.

याच परिसराच्या आकाशात बारामतीच्या विमानतळावरून उडणारी प्रशिक्षण विमानेही दिसतात. विमानाचा आवाज कानी पडताच अंगणात येऊन वर पाहण्याची सवय ग्रामीण महाराष्ट्राला नवीन नाही. या कुतूहलाचे काहींच्या बाबतीत पुढे व्यासंगात रूपांतर होते. विमानाचा प्रकार ओळखणे, त्याच्या उड्डाणाची नोंद ठेवणे, हवाई दलाच्या कसरती पथकाची प्रात्यक्षिके जेथे होतील तेथे प्रवास करून जाणे हा छंद जगभर रूढ आहे. भारतात त्याचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे भारतीय हवाई दलाचे ‘सूर्यकिरण’ हे हवाई कसरती पथक होय. पक्षिनिरीक्षकाच्या वहीला अभ्यासात जे स्थान मिळाले, ते विमानांच्या हौशी निरीक्षकाच्या वहीला मिळू शकेल काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, सूर्यकिरण पथकाच्या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेणे. दुसरे, हौशी निरीक्षकाच्या नोंदीचे स्वरूप तपासून इतिहासाचे साधन म्हणून तिचे मूल्य ठरविणे. तिसरे, या छंदातून उद्भवणाऱ्या जबाबदाऱ्यांचा विचार करणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित माहितीचा आधार घेतला आहे. भिगवण येथील पक्षिनिरीक्षणाशी केलेली तुलना नोंदींच्या पद्धतीपुरती मर्यादित आहे.

नोंदीचा अभाव आणि दंतकथा :

आकाशातील घटनेचे एक वैशिष्ट्य असे, की ती मागे काहीही ठेवत नाही. किल्ल्याची तटबंदी पडली तरी पाया उरतो, राज्य बुडाले तरी नाणी सापडतात. विमानाने आकाशात काढलेले वर्तुळ मात्र काही क्षणांत विरते. म्हणूनच उड्डाणाच्या इतिहासात साक्षीदाराला इतरत्र नसेल एवढे महत्त्व येते.

या संदर्भात महाराष्ट्रातीलच एक उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. शिवकर बापूजी तळपदे (१८६४-१९१६) यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले, अशी कथा मराठी समाजात दीर्घकाळ प्रचलित आहे. तळपदे हे अभ्यासू गृहस्थ होते आणि त्यांना विमानविद्येची आस्था होती, याबद्दल वाद नाही. तथापि, त्या उड्डाणाचा पडताळून पाहता येईल असा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. प्रेक्षकांची मोठी गर्दी होती असे सांगितले जाते, परंतु त्या गर्दीतील कोणी तारीख, वेळ, उंची वा अंतर लिहून ठेवल्याचे आढळत नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये चिकित्सक अभ्यास केला आणि त्यातील विमाने उडण्यास असमर्थ असल्याचा निष्कर्ष काढला.

याउलट अमेरिकेत १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी केलेल्या पहिल्या उड्डाणाला अवघे पाच साक्षीदार होते. ते उड्डाण बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. परंतु त्याचे छायाचित्र आहे, वेळ व अंतर यांची टिपणे आहेत आणि साक्षीदारांची नावे ज्ञात आहेत. पाच जणांच्या नोंदीने जे सिद्ध झाले, ते नोंदीविना राहिलेल्या गर्दीला सिद्ध करता आले नाही. पाहणाऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांनी काय लिहून ठेवले हे इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते.

हवाई कसरतींची परंपरा :

लष्करी विमानांच्या सांघिक कसरतींना दुसऱ्या महायुद्धानंतर संस्थात्मक रूप आले. अमेरिकेच्या नौदलाचे ‘ब्लू एंजल्स’ हे पथक १९४६ मध्ये स्थापन झाले. फ्रान्सच्या पथकाला ‘पात्रुई द फ्रान्स’ हे नाव १९५३ मध्ये मिळाले. इटलीचे ‘फ्रेच्चे त्रिकोलोरी’ १९६१ मध्ये सुरू झाले, तर ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ पथकाने १९६५ मध्ये आपला पहिला हंगाम पूर्ण केला. ब्रिटनच्याच ‘ब्लॅक ॲरोज’ पथकाने १९५८ मध्ये फार्नबरो येथे बावीस हंटर विमानांचा एकत्रित लूप करून दाखविला होता.

हेच हंटर विमान भारतीय हवाई दलातही होते. हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, म्हणजे १९८२ मध्ये, हंटर विमानांचे ‘थंडरबोल्ट्स’ हे पथक उभारण्यात आले. हंटर हे लढाऊ विमान होते. ते सेवेतून हळूहळू बाहेर पडू लागले तसे हे पथकही १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबले. यानंतर पथक उभे करताना लढाऊ विमानाऐवजी प्रशिक्षण विमानाचा आधार घेण्यात आला. हा बदल वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु पथकाच्या पुढील नशिबाचे मूळ त्यातच आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

बिदर आणि सूर्यकिरण :

भिगवणवरून जाणारा रस्ता आणि लोहमार्ग सोलापूरकडे जातो. सोलापूरच्या पूर्वेस काही तासांच्या अंतरावर कर्नाटकातील बिदर आहे. बिदर जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तर त्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्याला मिळाले. आजही भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. मराठी मुलखाला लागून असलेल्या या शहरातच हवाई दलाचा प्रशिक्षण तळ आहे आणि तेच सूर्यकिरण पथकाचे माहेर आहे.

सूर्यकिरण पथकाची स्थापना २७ मे १९९६ रोजी बिदर येथे झाली. विंग कमांडर कुलदीप मलिक हे त्याचे पहिले प्रमुख होते. पथकासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने तयार केलेले किरण मार्क-२ हे जेट प्रशिक्षण विमान निवडण्यात आले. पहिले सार्वजनिक प्रात्यक्षिक १५ सप्टेंबर १९९६ रोजी कोईमतूर येथील हवाई दल प्रशासकीय महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवात सहा विमानांनी सादर केले. १९९८ मध्ये विमानांची संख्या नऊ झाली. २००१ मध्ये पथकाने श्रीलंकेत आणि नोव्हेंबर २००८ मध्ये चीनमधील झुहाई येथे प्रात्यक्षिके दिली. २००६ मध्ये पथकाला ५२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा दर्जा मिळाला. ‘सदैव सर्वोत्तम’ हे त्याचे ब्रीद आहे.

नऊ विमानांच्या रचनेत प्रत्येक वैमानिकाचे स्थान ठरलेले असते. प्रमुख सर्वांत पुढे असतो. इतर वैमानिकांची नजर क्षितिजावर नसते. ती शेजारच्या विमानावरील ठरावीक खुणांवर खिळलेली असते. दोन विमानांतील अंतर काही मीटरच राहते. प्रमुखाने वळण घेतले की संपूर्ण रचना त्याच्यासोबत वळते. म्हणजे आठ जणांचा जीव एकाच्या अंदाजावर आणि एकाचा विश्वास आठ जणांच्या शिस्तीवर अवलंबून असतो. पट्टकादंबांच्या थव्याची आणि विमानांच्या रचनेची तुलना नेहमी केली जाते. ती अर्धीच खरी आहे. पक्षी बाणाच्या आकारात उडतात, कारण त्यामुळे मागच्या पक्ष्याचे श्रम वाचतात. कसरती पथकातील वैमानिकाचे श्रम रचनेमुळे वाचत नाहीत, उलट वाढतात. पक्ष्यांची रचना प्रवासासाठी असते, पथकाची रचना पाहणाऱ्यासाठी असते. म्हणूनच या पथकाच्या इतिहासात जमिनीवरील प्रेक्षकाचा समावेश अपरिहार्य ठरतो.

हौशी निरीक्षकाच्या नोंदीचे स्वरूप :

सर्वसामान्य प्रेक्षक आणि हौशी निरीक्षक यांच्यात पाहण्याच्या पद्धतीचा फरक असतो. प्रेक्षक आवाजाच्या दिशेने मान वळवतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने एक किलोमीटर दूर असलेल्या विमानाचा आवाज जवळजवळ तीन सेकंदांनी पोहोचतो. ताशी ६०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्या अवधीत पाचशे मीटर पुढे निघून गेलेले असते. आवाजाकडे पाहणाऱ्याला रिकामे आकाश दिसते. निरीक्षक मात्र आवाजाच्या पुढे पाहायला शिकतो. सूर्य पाठीशी राहील अशी जागा तो निवडतो, वाऱ्याची दिशा पाहतो, ढगांची उंची अजमावतो. ढग खाली असतील तर उभे लूप होणार नाहीत आणि पथक सपाट वळणांचा कार्यक्रम सादर करील, हे त्याला आधीच कळते.

विमानाची ओळख हा या नोंदीचा दुसरा भाग होय. किरण विमानात दोन्ही वैमानिक शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे त्याचे नाक रुंद दिसते. त्याचे पंख सरळ असतात. पथकाने नंतर स्वीकारलेल्या हॉक विमानात वैमानिक एकामागे एक बसतात, मागील आसन उंच असते आणि पंख मागे झुकलेले असतात. केवळ आकृतीवरून हा फरक ओळखता आला, तर तारीख न लिहिलेले छायाचित्रही पथकाच्या कोणत्या कालखंडातील आहे ते सांगता येते.

विमानांची संख्या हा तिसरा आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग आहे. १९९६ मध्ये सहा, १९९८ मध्ये नऊ, २०१५ मध्ये चार आणि २०१७ मध्ये पुन्हा नऊ, असे चार आकडे एखाद्या वहीत ओळीने लिहिलेले असले, तर पथकाची उभारणी, विस्तार, खंड आणि पुनरुज्जीवन हा सर्व इतिहास त्या आकड्यांत आलेला असतो.

हौशी अभ्यासकांच्या परिश्रमांतून प्रमाणभूत इतिहास लिहिला जाऊ शकतो, हे भारतातही सिद्ध झाले आहे. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांचा १९६५ च्या भारत-पाकिस्तान हवाई युद्धावरील ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे दोघेही पेशाने लष्करी इतिहासकार नव्हते. तरी त्या युद्धाच्या अभ्यासात त्यांच्या ग्रंथाची दखल घ्यावी लागते. पक्षिशास्त्राच्या क्षेत्रात तर हा मार्ग जुनाच आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिचा मोठा भार स्वयंसेवी निरीक्षकच उचलतात. विमानांच्या बाबतीत असा संघटित प्रयत्न अद्याप मराठीत झालेला दिसत नाही.

अनुपस्थितीचा इतिहास (२०११-२०१५) :

भिगवणच्या पक्षिनिरीक्षकाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पावसाळा चांगला झाला आणि धरण काठोकाठ भरले की रोहित उशिरा येतात. त्यांना चरण्यासाठी उथळ पाणी लागते आणि भरलेल्या जलाशयात ते लवकर उघडे पडत नाही. त्या दिवसांत वहीत ‘रोहित नाहीत’ एवढेच लिहिलेले असते. परंतु ती नोंद निरर्थक नसते. जलाशयाच्या पातळीविषयी ती पुष्कळ काही सांगते. जे दिसले नाही त्याचीही तारीख लिहावी, हा निरीक्षणशास्त्राचा पहिला धडा होय.

सूर्यकिरणच्या इतिहासात असाच एक रिकामा कालखंड आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये बंगळूरच्या येलहंका तळावरील ‘एरो इंडिया’ प्रदर्शनात किरण विमानांनी आपली अखेरची प्रात्यक्षिके दिली आणि पथक स्थगित करण्यात आले. त्या वेळी एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक हे हवाई दलप्रमुख होते. पथकाच्या कौशल्यात उणीव आली म्हणून हा निर्णय झालेला नव्हता. त्याचे कारण प्रेक्षकांच्या दृष्टीआड, प्रशिक्षण तळांवर घडले होते. नवशिक्या वैमानिकांना प्राथमिक शिक्षण देणारी एचपीटी-३२ ही विमाने जुलै २००९ मधील अपघातानंतर उड्डाणातून काढून घेण्यात आली. शिकाऊ वैमानिकांसाठी विमानांचा तुटवडा निर्माण झाला आणि किरण विमानांवर प्रशिक्षणाचा भार वाढला. अशा स्थितीत प्रात्यक्षिकांसाठी राखून ठेवलेली किरण विमाने प्रशिक्षणाकडे वळविणे हाच व्यवहार्य मार्ग उरला. प्रशिक्षण विमानावर पथक उभारण्याचा निर्णय १९९६ मध्ये सोयीचा ठरला होता. त्याचीच ही दुसरी बाजू होती. ज्या विमानावर शिकायचे त्याच विमानावर कसरती करायच्या, तर टंचाईच्या काळात कसरतींना माघार घ्यावी लागणार हे उघड होते.

पुढे २०१३ पासून पिलाटस पीसी-७ मार्क-२ ही प्राथमिक प्रशिक्षण विमाने दाखल झाली. ब्रिटिश रचनेची हॉक विमाने त्यापूर्वीच बिदरला येऊ लागली होती. त्यांपैकी हॉक मार्क-१३२ विमानांवर २०१५ मध्ये सूर्यकिरण पथक पुन्हा उभे राहिले आणि ८ ऑक्टोबर २०१५ च्या हवाई दल दिनी हिंडन येथे चार विमानांनी उड्डाण केले. नऊ विमानांची पूर्ण रचना साधण्यास २०१७ उजाडले.

पथकाची भव्य प्रात्यक्षिके वृत्तपत्रांत छापून येतात, चित्रफितींत जतन होतात. त्याच्या अनुपस्थितीची बातमी मात्र एकदाच येते आणि विस्मरणात जाते. हौशी निरीक्षकाच्या वहीत मात्र २०१२, २०१३ आणि २०१४ या वर्षांची पाने कोरी राहतात. ही कोरी पानेच हवाई दलाच्या प्रशिक्षण व्यवस्थेवरील ताणाचा पुरावा होत. प्रात्यक्षिकांची शोभा ही संस्थेच्या पायाभूत सामर्थ्यावर उभी असते आणि पाया डळमळला की पहिला परिणाम शोभेवर होतो, हे या कालखंडावरून दिसून येते.

अपघात आणि स्मरण :

या छंदाचा विचार अपघातांना वगळून करता येत नाही. मार्च २००६ मध्ये बिदरजवळ सरावाच्या वेळी विमान कोसळून विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वॉड्रन लीडर शैलेंद्र सिंग यांना मृत्यू आला. २१ जानेवारी २००९ रोजी बिदर येथेच विंग कमांडर आर. एस. धालीवाल यांना प्राण गमवावे लागले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंका येथे ‘एरो इंडिया’च्या पूर्वतयारीत दोन हॉक विमानांची टक्कर झाली. दोन वैमानिक आसनासह बाहेर पडून बचावले, परंतु साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. पथकाबाहेरचे उदाहरण घ्यायचे तर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबई येथील प्रात्यक्षिकात तेजस विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल यांना वीरमरण आले.

सूर्यकिरणचे हे तिन्ही अपघात सरावाच्या काळातील आहेत, ही बाब लक्षणीय आहे. प्रेक्षकाला वीस-पंचवीस मिनिटांचा निर्दोष कार्यक्रम दिसतो. त्यामागील सरावाचे तास आणि त्यातील धोका त्याच्या नजरेस येत नाही. बिदरच्या परिसरातील रहिवाशांना मात्र निमंत्रणपत्रिका, ध्वनिवर्धक आणि टाळ्या नसलेली हीच उड्डाणे नित्य दिसत आली. पथकाच्या कामाचा खरा मोठा भाग तोच होता.

येथे हौशी निरीक्षकासमोर एक नैतिक प्रश्न उभा राहतो. धोका असल्यामुळे कसरत चित्तथरारक वाटते. तेव्हा पाहणारा त्या धोक्याचा काही अंशी भागीदार होत नाही काय? अशा प्रात्यक्षिकांवर जीव आणि पैसा का खर्च करावा, असा आक्षेप प्रत्येक अपघातानंतर घेतला जातो आणि तो गैरलागू म्हणून झटकता येत नाही. पथकाच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते, की सांघिक उड्डाण हे युद्धकौशल्याचाच भाग आहे आणि तरुणांना हवाई दलाकडे आकर्षित करण्याचे ते प्रभावी साधन आहे. हे दोन्ही मुद्दे खरे मानले तरी ते मृत्यूची भरपाई करू शकत नाहीत. निरीक्षकाला एवढेच करता येते, की त्याने केवळ रचनांची नावे न लिहिता त्या रचनेत उडणाऱ्या माणसांची नावेही लिहावीत, आणि अपघाताच्या चित्रफिती पसरविण्याच्या मोहापासून दूर राहावे. स्मरण आणि कुतूहल यांतील सीमारेषा त्याला ओळखता आली पाहिजे.

गर्दी, सुरक्षितता आणि कायदा :

२८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतील रामस्टाइन येथे इटलीच्या पथकातील विमाने एकमेकांवर आदळली. त्यांपैकी एक विमान प्रेक्षकांत कोसळले आणि वैमानिकांसह सत्तर जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर युरोपात प्रेक्षकांच्या दिशेने वा त्यांच्या डोक्यावरून कसरती करण्यावर कडक बंधने आली. प्रेक्षक आणि प्रात्यक्षिकाची रेषा यांत आज जे अंतर राखले जाते, त्यामागे अशा दुर्घटनांचा अनुभव आहे.

महाराष्ट्रात अलीकडच्या काळात अशी प्रात्यक्षिके मोठ्या प्रमाणावर झाली. १९ नोव्हेंबर २०२२ रोजी नागपूर येथे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयी ‘एअर फेस्ट’ झाला. १२ ते १४ जानेवारी २०२४ या काळात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर प्रात्यक्षिके झाली. समुद्रावर होणारी प्रात्यक्षिके सुरक्षित मानली जातात, कारण विमानांखाली वस्ती नसते. परंतु ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखोंची गर्दी झाली आणि पाच प्रेक्षकांचा मृत्यू झाला. त्या दिवशी आकाशात काहीही चुकले नव्हते. संकट आले ते ऊन, तहान आणि परतीच्या वाटेवरील कोंडी यांमुळे. पथकाच्या प्रात्यक्षिकाचे नियोजन जितके काटेकोर असते, तितकेच प्रेक्षकांच्या व्यवस्थेचेही असावे लागते, हा या घटनेचा अर्थ आहे.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील एका हवाई तळावर विमानांच्या नोंदी करणाऱ्या बारा ब्रिटिश आणि दोन डच नागरिकांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये ते दोषी ठरले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात निर्दोष सुटले. वहीत विमानांचे क्रमांक लिहिणे हा एका देशात निरुपद्रवी छंद, तर दुसऱ्या देशात गुन्हा वाटू शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. भारतात शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ लागू आहे आणि संरक्षण तळांच्या परिसरात छायाचित्रणाला मनाई असते. म्हणून जाहीर प्रात्यक्षिकाची नोंद आणि तळावरील हालचालींची नोंद यांत निरीक्षकाने स्पष्ट भेद केला पाहिजे. पहिली ही नागरी छंदाची बाब आहे, दुसरी नाही.

नोंदीच्या मर्यादा :

हौशी नोंदीला इतिहासाचे साधन मानायचे, तर तिची चिकित्साही आवश्यक आहे. निरीक्षक एका जागी उभा असतो. त्याला दिसलेले अंतर आणि उंची हे अंदाज असतात. बाजूने पाहिले असता एकमेकांपासून दूर असलेली दोन विमानेही परस्परांना चिकटून जात असल्याचा भास होतो, आणि कित्येक कसरती याच दृष्टिभ्रमावर बेतलेल्या असतात. आवडत्या पथकाविषयीचा जिव्हाळा टीकेला आवर घालतो. उत्साहाच्या भरात संख्या वाढवून लिहिण्याचा धोका विमानांच्या बाबतीत कमी असला, तरी गर्दीच्या आकड्यांच्या बाबतीत तो फार मोठा असतो. शिवाय निर्णयांची कारणे आकाशात दिसत नाहीत. २०११ मध्ये पथक थांबले हे वही सांगेल. का थांबले हे सांगण्यासाठी अधिकृत निवेदने आणि प्रशिक्षण विमानांचा इतिहासच पाहावा लागेल. एका वहीवर विसंबून न राहता दोन स्वतंत्र वह्या ताडून पाहाव्यात आणि त्यांना अधिकृत माहितीची जोड द्यावी, हा नियम येथेही लागू आहे.

निष्कर्ष :

१. हवाई कसरतींचा कोणताही भौतिक अवशेष उरत नसल्याने त्यांच्या इतिहासात साक्षीदाराच्या समकालीन नोंदीला विशेष महत्त्व आहे. नोंद नसेल तर घटनेची दंतकथा होते, हे तळपदे यांच्या उदाहरणावरून दिसते.

२. विमानांची संख्या, प्रकार आणि प्रात्यक्षिकाच्या तारखा एवढ्या साध्या तपशिलांवरूनही पथकाच्या उभारणीचा, खंडाचा आणि पुनरुज्जीवनाचा क्रम लावता येतो.

३. उपस्थितीइतकीच अनुपस्थितीची नोंद मोलाची आहे. २०११ ते २०१५ या काळातील रिक्तता पथकाच्या कौशल्यापेक्षा प्रशिक्षण विमानांच्या टंचाईविषयी अधिक सांगते.

४. सूर्यकिरणच्या वैमानिकांचे मृत्यू सरावात झाले आहेत. केवळ प्रात्यक्षिकाची नोंद ठेवणारा इतिहास म्हणूनच अपुरा ठरतो.

५. कायद्याची मर्यादा, मृतांचा सन्मान आणि गर्दीतील सुरक्षितता यांचे भान असलेला निरीक्षकच विश्वासार्ह साक्षीदार होऊ शकतो.

भिगवणच्या काठावर वही घेऊन बसणाऱ्या निरीक्षकाने रोहितांच्या आगमनाइतकीच त्यांच्या न येण्याची तारीख लिहिली, म्हणून जलाशयाचा इतिहास समजण्यास मदत झाली. सूर्यकिरण पथकाच्या मराठी चाहत्यांजवळही छायाचित्रे, तिकिटे, कार्यक्रमपत्रिका आणि टिपणे विखुरलेली असणार. ती घरोघरी नष्ट होण्यापूर्वी महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आणि इतिहास विभागांनी त्यांचे संकलन हाती घ्यावे. प्रत्येक नोंदीवर तारीख व ठिकाण असावे आणि शक्य असेल तेथे त्या दिवशी उडालेल्या वैमानिकांची नावेही असावीत. धूर विरून जातो. त्यामागील माणसांची नावे मात्र कागदावर टिकवता येतात.